सुपडूने गाव निरोगी केलं

खडकुल गावात सुपडू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा त्याच्या बायकोने, कौतिकाने, अंगणात पापड वाळत घातले आणि सांगितलं, "मी शेतात जाते. पाऊस आला की पापड आत घ्या." संध्याकाळी येऊन बघते तर पापडांचा चुरा झालेला आणि सुपडू ओट्यावर मांडी घालून त्या चुऱ्याकडे बघत बसलेला.

"अहो, पापड आत का नाही घेतले?"

"पाऊस कुठं आला? गारा आल्या."

असा सुपडू. पण मनाने लोण्याचा. कोणाचं बोट कापलं तर रडायचा हा. कामालाही वाघ. म्हणून गावच्या दवाखान्यात एक माणूस हवा झाला तेव्हा रायभान पाटलांनी त्यालाच ठेवून घेतलं. दवाखाना म्हणजे तरी काय? चावडीशेजारची एक खोली. एक टेबल, एक खाट, एक माठ. दर मंगळवारी तालुक्याहून शेवंता नर्सबाई यायच्या, गोळ्या द्यायच्या, सुया टोचायच्या आणि चारच्या एसटीने परत जायच्या. बाकीचे सहा दिवस सुपडू झाडलोट करायचा, माठ भरायचा आणि कोण आलं-गेलं ते वहीत लिहायचा.

खरा डॉक्टर बघायचा तर नऊ कोस लांब जावं लागे. तेवढ्यात कोणी दगावायचंसुद्धा. आणि त्या वर्षी बातमी आली की सरकार नदीकाठी मोठा दवाखाना बांधणार. सहा खाटा आणि कायमचा डॉक्टर. पण गाव एकच निवडायचं होतं. एक तर नदीच्या अलीकडचं खडकुल, नाहीतर पलीकडचं मोहखेडे. त्यासाठी मोठे साहेब स्वतः दोन्ही गावं बघायला येणार होते.

नर्सबाई म्हणाल्या, "सुपडूभाऊ, साहेब येईपर्यंत सगळं नीट चाललं पाहिजे. मी नसताना कोणी आलं तर त्याला बसवा, चार शब्द बोला. माणसाला जरा बरं वाटलं पाहिजे."

"एवढंच ना? लक्षात ठेवतो बाई," सुपडू म्हणाला.

बुधवारी झिपरूअण्णा आला. डोळे लालभडक, गालांवरून पाण्याच्या धारा.

"सुपडू, डोळे आलेत रे."

"कधी आले?"

"सकाळी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

सुपडूने वही उघडून लिहिलं, 'झिपरूअण्णा आले. त्यांचे डोळे आले. एकूण आले तीन.' मग त्याने झिपरूअण्णाला ओट्यावर बसवलं, त्याच्याच खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि त्याचे डोळे हलक्या हाताने पुसले. झिपरूअण्णाला बरं वाटलं. हे बघून सुपडूला आणखी बरं वाटलं. ते उपरणं त्याने ठेवूनच घेतलं. मग जो येईल त्याला बसवायचा आणि त्याचं तोंड त्या उपरण्याने छान पुसून द्यायचा.

मंगळवारी बाई आल्या तर ओट्यावर सतरा माणसं रांगेने बसलेली. चौतीस डोळे, सगळे लाल.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सुपडूभाऊ, हा संसर्गाचा आजार! बारीक जंतू असतात, डोळ्याला दिसत नाहीत. एकाचा हात, एकाचा कपडा दुसऱ्याला लागला की आजार त्याच्याकडे जातो. अशा माणसाला वेगळं ठेवायचं. त्याचे कपडे उकळत्या पाण्यातून काढायचे. आणि आपण लांब राहायचं."

"एवढंच ना? आता नाही चुकायचो."

शनिवारी यशोदाआक्का आली. एकटी बाई. रांधायचा कंटाळा. दोन्ही वेळा ठेचा आणि भाकरी, वर पाणी. ओठ आवळून, गाल धरून ती कशीबशी म्हणाली, "सुपडू, माझं तोंड आलंय रे."

सुपडू तीन हात मागे उडाला. डोळे आले तर सतरा माणसांना लागले. आता तर अख्खं तोंड आलंय!

"आक्का, काल कोणाकोणाशी बोललात?"

"सगळ्या गल्लीशी."

"मेलं गाव!" म्हणत सुपडू धावला. त्याने आक्काला पाटलांच्या खळ्यावरच्या कडब्याच्या खोपटात नेलं आणि बाहेरून कडी घातली. तिच्या घरून तिची दोन्ही ठेवणीतली लुगडी आणली आणि रटरटा उकळली. एक हिरवं होतं, एक लाल. निघाली तेव्हा दोन्ही शेणाच्या रंगाची. जेवणाचीही त्याने आबाळ केली नाही. लांब बांबूच्या टोकाला भाकरी बांधून तो खिडकीतून आत सारायचा. वर ठेच्याचा गोळा. आक्काचं तोंड आतून सोललेलं, ठेचा जिभेला लागला की ती खोपट डोक्यावर घ्यायची.

"अरे मेल्या, सोड मला!"

"आक्का," सुपडू लांबूनच हात जोडायचा, "पाया पडतो, पण माझ्या तोंडी लागू नका!"

मंगळवारी बाईंनी कडी काढली. आक्का बाहेर आली ती बांबू घेऊनच. सुपडू चावडीला दोन चकरा मारून आला तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो भाऊ, तोंड येणं कोणापासून कोणाला लागत नाही. हिचं पोट भरतं, पण अंगाला हवं ते मिळत नाही. दूध नाही, पालेभाजी नाही, मोड आलेलं कडधान्य नाही. हा कमतरतेचा आजार. अशा वेळी माणसाला कोंडायचं नसतं. काय कमी पडलंय ते बघायचं आणि तेवढं घालायचं. माणूस बरा होतो."

"काय कमी ते बघायचं, तेवढं घालायचं," सुपडूने बोटांवर घोकलं. "हे सोपं आहे की."

शुक्रवारी उखर्डू आला. वय सव्वीस, पण डोकं घासलेल्या तांब्यासारखं. रविवारी त्याला मुलगी बघायला जायचं होतं.

"सुपडूभाऊ, सगळे केस गेले हो. काही इलाज आहे का?"

सुपडूने त्याला उजेडात बसवलं. समोरून बघितलं. मागून बघितलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. मग ठामपणे म्हणाला, "केस कमी पडलेत."

"ते मलाही दिसतंय."

"तेवढे घालायचे. माणूस बरा होतो."

सुपडू घरी गेला. कौतिकाची काळी शेळी गोठ्यात बांधलेली होती. तिची पाठ त्याने कात्रीने भादरली. बाभळीचा डिंक भिजवून उखर्डूच्या डोक्याला लावला आणि शेळीचे केस झुपक्याझुपक्याने बसवले. उखर्डूने आरशात बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. इतके केस त्याने जन्मात बघितले नव्हते.

रविवारी तो सासुरवाडी व्हायची त्या घरी जाऊन पाटावर बसला. पोह्यांच्या बशा आल्या. मुलगी पदर सावरून समोर बसली. आणि एवढ्यात शेळीचं करडू आपल्या आईच्या वासाने गाव ओलांडून धावत आलं, बें बें करत थेट घरात शिरलं आणि उखर्डूच्या मांडीवर चढून त्याचं डोकं चाटायला लागलं. उखर्डू ढकलतोय, करडू परत चढतंय.

मुलीची आजी चष्मा पुसत म्हणाली, "मुलाला एक लेकरू आहे हे आधी का नाही सांगितलं?"

लग्न मोडलं. डिंक मात्र निघेना. शेवटी न्हाव्याला बोलवावं लागलं.

बाईंनी या वेळी दोन्ही हात कपाळाला लावले. "सुपडूभाऊ, उखर्डूच्या बापाला टक्कल. त्याच्या आजाला टक्कल. हा घराण्यातून आलेला प्रकार, याला आनुवंशिक म्हणतात. रक्तातच असतं ते. अशा वेळी आधी विचारायचं, बापाला होतं का, आजाला होतं का. हो म्हणाले की औषध लावत बसायचं नाही. घरच्यांना शांतपणे सांगायचं, बाबांनो, याला आता इलाज नाही. मन घट्ट करा."

"बाप, आजा, मन घट्ट करा. बस, आता चूक होणं शक्यच नाही."

पुढे आखाजीचा सण आला. पाटलांच्या वाड्यात खापरावरचे मांडे आणि आमरस. रायभान पाटील जेवायला बसले की उठवायला माणूस लागायचा. त्या दिवशी त्यांनी अकरा मांडे खाल्ले आणि पातेलंभर रस प्यायले. दुपारी पाटील पलंगावर आडवे. पोट नगाऱ्यासारखं, डोळे पांढरे आणि तोंडातून नुसतं "ऊं... ऊं..." पाटलीणबाईंनी सुपडूला बोलावून घेतलं.

सुपडू घाई न करता पलंगाशी बसला. "पाटलीणबाई, पाटलांच्या वडिलांना असं व्हायचं?"

"व्हायचं की. आखाजीला मामंजी असेच लोळायचे."

"आणि आजोबांना?"

"आजेसासरे तर मांडे खाता खाताच गेले म्हणतात."

सुपडूचा चेहरा पडला. पाटलांनी त्याला नोकरी दिली होती. दिवाळीला धोतर दिलं होतं. त्याने उपरण्याने डोळे टिपले आणि शांतपणे सांगितलं, "बाई, याला आता इलाज नाही. मन घट्ट करा."

पाटलीणबाईंनी जो हंबरडा फोडला तो नदीपलीकडे ऐकू गेला. गाव गोळा झालं. कोणी तालुक्याला लेकींना निरोप धाडला. कोणी लाकडं फोडायला घेतली. दोघंजण बांबू आणि सुतळी घेऊन अंगणात बसले आणि तिरडी केवढी बांधायची यावर वाद घालू लागले. "पाटलांचा घेर बघता तीन बांबू नाही पुरायचे, पाच घे."

आत पाटलांना सगळं ऐकू येत होतं. बोलता मात्र येत नव्हतं, कारण मांडे गळ्यापर्यंत होते. झिपरूअण्णा त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडत म्हणाला, "फार चांगला माणूस होता हो!" ते 'होता' ऐकलं आणि पाटलांच्या पोटात असं काही ढवळलं की ते धडपडत उठले, मोरीकडे धावले आणि सगळा सण तिथे मोकळा करून आले. मग हलकं वाटलं. तोंड पुसत अंगणात आले तर समोर पाच बांबूंची तिरडी.

ती तिरडी उचलून पाटील सुपडूच्या मागे वेशीपर्यंत धावले. इतके ते मागच्या वीस वर्षांत धावले नव्हते.

मंगळवारी बाईंनी हसावं की रडावं, त्यांनाच कळेना. "भाऊ, हा आजार जंतूंचा नाही, कमतरतेचा नाही आणि रक्तातलाही नाही. हा ताटातला आजार! आपल्याच राहणीने ओढवून घेतलेला. खाणं फार आणि हालचाल नाही. अंग असं फुगलं की ताट काढून घ्यायचं आणि माणसाला चांगलं फिरवायचं. बघा, पाटील पळाले आणि कसे ताजेतवाने झाले."

"ताट काढायचं, माणूस पळवायचा. बाई, हे तर मी डोळ्यांनी बघितलंय. हे नाहीच विसरायचो."

त्यानंतरच्या गुरुवारी शाळेचे गुरुजी दवाखान्यात आले. गुरुजी काडीसारखे, पण त्या दिवशी दोन्ही गाल कानापासून हनुवटीपर्यंत टम्म फुगलेले. त्यांना गालगुंड झालं होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून बोटाने गाल दाखवत होते.

सुपडूने त्यांचं पोट चाचपलं. पोट खपाटीला. हात काटक्या. फुगलेत फक्त गाल. त्याला वाटलं, खाल्लेलं अजून खाली उतरलं नसणार.

"गुरुजी, डबा द्या इकडे."

"हं?"

डब्यात बायकोने मऊ शिरा करून दिला होता. गुरुजींनी एक घास खाऊन बाकीचा ठेवला होता. सुपडूने डबा काढून घेतला, हातात काठी घेतली आणि म्हणाला, "पळा."

गुरुजी पळाले. मागे सुपडू. चावडी, पिंपळ, शाळा. शाळेवरून गुरुजी पळत गेलेले बघताच पोरांना वाटलं, आज कवायत. सगळी शाळा आरडाओरडा करत त्यांच्या मागे. गावाला तीन फेऱ्या झाल्या. गुरुजी पारावर कोसळले तेव्हा पोरांनी त्यांना वारा घातला, पाणी पाजलं आणि त्याच तांब्याने स्वतःही प्यायली. शिरा वाया जाऊ नये म्हणून सुपडूने गुरुजींच्याच चमच्याने एकेक घास सगळ्यांना भरवला. सुपडूला पोरांचा फार लळा होता.

दोनअडीच आठवड्यांत शाळेतल्या एकेचाळीस पोरांचे गाल फुगले. हसायला गेली तर रडायची आणि रडायला गेली तर आणखी दुखायचं.

मंगळवारी बाई एसटीतून उतरल्या आणि ओट्यावरची पोरं बघून पायरीवरच बसल्या. पोरांना त्यांनी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, आराम सांगितला, आठवडाभर घरी ठेवायला सांगितलं. मग सुपडूपुढे हात जोडले.

"सुपडूभाऊ, परवा गुरुवारी साहेब येणार. आता तुम्ही कोणावर कसलाच इलाज करू नका."

"मग करू काय?"

"आजार झाल्यावर धावण्यापेक्षा तो होऊच न देणं हे सगळ्यात मोठं औषध. जागा स्वच्छ ठेवा, पाणी स्वच्छ ठेवा. रोगाला गावात थाराच द्यायचा नाही. एवढं केलंत तरी खूप झालं."

या वेळी सुपडू 'एवढंच ना' म्हणाला नाही. त्याच्या जिवाला लागलं होतं. सतरा माणसांचे डोळे, आक्काची लुगडी, उखर्डूचं लग्न, पाटलांची तिरडी आणि आता ही चिमणी पोरं. आपल्यामुळे गावाचा दवाखाना जाता कामा नये. तो घरी गेला, भाकरी पुढ्यात घेऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने विचार करू लागला. रोगाला गावात थारा द्यायचा नाही. थारा द्यायचा नाही. भाकरी गार झाली तेव्हा त्याला समजलं.

गुरुवारी सकाळी पाटील साहेबांना आणायला तालुक्याला गेले होते. माणसं शेतावर होती. सुपडूने पाटलांच्या गोठ्यातून चार बैलगाड्या जुंपल्या आणि एकीमागे एक बांधल्या. त्यात घोंगड्या अंथरल्या आणि घरोघर फिरून गालगुंडवाली एकेचाळीस पोरं गोळा केली. गाडीत बसायला मिळतंय म्हटल्यावर पोरं उड्या मारत आली. त्या पळापळीने गुरुजींचं गालगुंड बळावलं होतं, ते अजून उतरलं नव्हतं. गुरुजी नको नको म्हणत होते, पण त्यांना नीट बोलता येत नव्हतं. दोन खोकणारे म्हातारे, एक पाय मुरगळलेला गडी आणि तीन तापाची माणसंही त्याने उचलून गाडीत घातली. नदीला गुडघाभर पाणी होतं. गाड्या पलीकडे गेल्या. मोहखेड्याच्या वेशीवरच्या वडाखाली सुपडूने सगळ्यांना ओळीने निजवलं.

"इथंच पडून राहा," तो म्हणाला. "साहेब गेले की न्यायला येतो."

मग परत येऊन त्याने दवाखाना झाडला, ओटा सारवला, माठ घासला आणि धुतलेलं धोतर नेसून दारात उभा राहिला.

अकरा वाजता जीप आली. साहेब उतरले, पाठोपाठ पाटील आणि नर्सबाई. पाटलांची छाती फुगलेली. वाटेत त्यांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं की गावात आजारपण फार, पोरांचे हाल बघवत नाहीत.

साहेबांनी खोलीत डोकावलं. खाट रिकामी. ओटा रिकामा. "रोगी कुठं आहेत?"

सुपडूने हात जोडले. "साहेब, गावात एकही रोगी नाही."

"एकही नाही?"

"हवं तर घरोघर बघा."

साहेब खरंच घरोघर गेले. कुठे कोणी कण्हत नव्हतं. यशोदाआक्का ओट्यावर बसून मोड आलेली मटकी निवडत होती, तब्येतीने टुणटुणीत. उखर्डू उन्हात डोकं चमकवत चारा कापत होता. बाईंनी कोपऱ्यात ओढून सुपडूला विचारलं, "भाऊ, पोरं कुठं आहेत?" सुपडूने नुसतं डोळ्यांनी खुणावलं, काळजी नको.

साहेबांनी पाटलांच्या पाठीवर थाप मारली. "पाटील, तुम्ही उगाच घाबरलात. अहो, एवढं निरोगी गाव मी जिल्ह्यात बघितलं नाही! इथं दवाखाना बांधून डॉक्टरने माशा मारायच्या का?"

पाटील तोंड उघडतात तोवर जीप नदीकडे वळलीसुद्धा.

पलीकडे वडाखाली साहेब उतरले. बघतात तर एकेचाळीस पोरं गाल धरून ओळीने पडलेली. शेजारी दोन म्हातारे खोकताहेत, तिघं तापाने फणफणलेत, एक गडी पाय धरून विव्हळतोय. आणि मधोमध एक हडकुळे गुरुजी, बोलता येत नाही म्हणून दोन्ही हात हलवत नदीपलीकडे काहीतरी दाखवताहेत.

"अरेरे," साहेब म्हणाले, "काय दशा ही! बिचारा नदीपलीकडे मदत मागतोय." त्यांनी जीपच्या टपावर कागद ठेवला आणि उभ्याउभ्याच सही केली. मोहखेडे. सहा नाही, बारा खाटा.

संध्याकाळी चारही गाड्या पोरांना घेऊन परत आल्या तेव्हा सगळं खडकुल चावडीपुढे जमलं होतं. नर्सबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाटलांच्या हातात काठी होती, पण ती उचलायचंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"सुपड्या," पाटील रडवेल्या आवाजात म्हणाले, "आता गावात कोणी आजारी पडलं तर त्याला न्यायचं कसं रे?"

सुपडूने बैलांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"त्याची चिंताच सोडा पाटील. मोहखेड्याचा रस्ता बैलांना आता पाठ झालाय."